चार वाजताचे भूत

अमेरिकेत गेल्यावर मी इंग्रजी बोलायला शिकले ते एका भुताकडून, असे मी सांगते तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायका हसतात. पण ते अक्षरशः खरे आहे. मॅट्रिकला इंग्रजीत मला चांगले मार्क होते. पण ते इंग्रजी कागदावरचे. १९६९ च्या जानेवारीत मी नवी नवरी म्हणून न्यू जर्सीत उतरले, तेव्हा दुकानातल्या माणसाने 'आणखी काय हवे?' असे विचारले तरी मला ते तीनदा ऐकावे लागे. हे सकाळी आठला विद्यापीठात जात ते रात्रीच उगवत. बाहेर बर्फ, आत मी, आणि खिडकीतून दिसणारे एक निष्पर्ण झाड. दिवस कसा काढायचा?

आम्ही एका दुमजली लाकडी घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीणबाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. बाई विधवा होत्या. रात्री कामाला जात, सकाळी झोपत आणि दुपारी इस्त्रीचे टेबल मांडून बसत. एके दिवशी मी वाण्याच्या हिशेबाचे काही विचारायला खाली गेले, तर त्यांनी मला हाताला धरून सोफ्यावर बसवले आणि ओठांवर बोट ठेवले. चार वाजत आले होते. इतक्यात मागचे दार धाडकन उघडून मुलगा धापा टाकत आत आला, दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि टेलिव्हिजनसमोर फतकल मारून बसला. पडद्यावर लाटा खडकावर आपटू लागल्या, एक काळेकभिन्न घर दिसले आणि अंगावर काटा आणणारे संगीत सुरू झाले. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षे, सोमवार ते शुक्रवार, चार वाजता मी खाली असे.

त्या पोराचे खरे नाव इथे देत नाही. मी त्याला मनातल्या मनात बंड्या म्हणत असे. तो मला 'मिसेस के' म्हणे, कारण आमचे आडनाव उच्चारताना त्याच्या जिभेला गाठ पडे.

मालिकेचे नाव 'डार्क शॅडोज'. दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रोज दाखवल्या जाणाऱ्या कौटुंबिक मालिकांना तिकडे 'सोप ऑपेरा' म्हणतात, कारण रेडिओच्या काळापासून त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करीत. लग्ने, घटस्फोट, इस्पितळे आणि कॉफीचे पेले हा त्यांचा ठरलेला संसार. डॅन कर्टिस नावाच्या निर्मात्याने २७ जून १९६६ रोजी त्या संसारात एक भयकथा आणून सोडली. मेन राज्याच्या समुद्रकाठी कॉलिन्सपोर्ट नावाचे कोळ्यांचे गाव, टेकडीवर कॉलिन्स घराण्याचा वाडा, आणि तिथे एका विक्षिप्त मुलाची शिक्षिका म्हणून आलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी. वाड्याची मालकीण झाली होती जोन बेनेट, एके काळची हॉलिवूडची मोठी नटी. एवढे असूनही प्रेक्षक फिरकेनात. मालिका बंद पडायच्या बेतात आली. मग १९६७ च्या एप्रिलमध्ये कर्टिसने शेवटचा डाव टाकला. विली लूमिस नावाचा एक भामटा घराण्याचे दडलेले दागिने शोधायला थडग्यात शिरतो, साखळ्यांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो!

तो हात बार्नाबास कॉलिन्सचा. रक्त पिऊन जगणारा व्हॅम्पायर. दुसऱ्या दिवशी तो वाड्याच्या दारात उभा. अंगावर खांद्यावरून लोंबणारा झगा, बोटात काळ्या खड्याची अंगठी, हातात लांडग्याच्या मुखाची चांदीची मूठ असलेली काठी. 'मी इंग्लंडहून आलेला तुमचा चुलतभाऊ,' असे तो अदबीने सांगतो आणि वाड्यात त्याच्याचसारखे दिसणारे पूर्वजाचे तैलचित्र टांगलेले असूनही कोणाला संशय येत नाही. हे काम करणारा जोनाथन फ्रिड हा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, शेक्सपिअरची नाटके केलेला नट. काही आठवड्यांत भुताच्या छातीत खुंटी ठोकून त्याला संपवायचे असा बेत होता म्हणे. पण पत्रांचे ढीग येऊ लागले, आणि ती पत्रे भुताचा नायनाट करा म्हणून नव्हती. त्यात प्रेम होते! मग कसली खुंटी आणि कसले काय. लेखकांनी त्याला पूर्वकथा दिली. अँजेलिक नावाच्या चेटकिणीचे प्रेम त्याने नाकारले म्हणून तिने त्याला हा शाप दिला, त्याची लाडकी जोसेट कड्यावरून गेली, आणि तेव्हापासून तो तिचा चेहरा शोधतो आहे.

मी मूळची मालवणकडची. देवचाराला नारळ ठेवणाऱ्या आजीच्या मांडीवर वाढलेली. मला बार्नाबास समजावून सांगावा लागला नाही. मी घरमालकीणबाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटले, 'आमच्याकडे म्हणतात, माणसाची वासना राहिली की तो असा फिरतो.' इस्त्री तशीच हातात धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'हनी, नेमकं तेच.' आमची मैत्री झाली ती त्या क्षणी.

आता त्या इंग्रजीचे परिणाम. बार्नाबास अठराव्या शतकातला, त्यामुळे त्याची भाषा दरबारी. ह्यांच्या प्राध्यापकांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा निघताना मी यजमानीणबाईंना म्हणाले, की आपल्या या पुरातन गृहाच्या आतिथ्याने मी कायमची ऋणाईत झाले आहे. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घर अवघे चार वर्षांपूर्वी बांधलेले होते. हे गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग मात्र रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हसत राहिले. सासूबाईंना पत्रातून ही मालिका कळली, तेव्हा त्यांचे उलट टपाली पत्र आले, की अशा दिवसांत भुताखेतांचे काही पाहू नये. दिवस गेले होते ना! मी उत्तरी लिहिले की भूत फार खानदानी आहे.

आणि आम्ही हसत नव्हतो असे नव्हे, हे पुढच्या हकिकतीसाठी वाचकांनी ध्यानात ठेवायला हवे. अर्धा तासाचा भाग रोज चित्रफितीवर घ्यायचा, जवळजवळ नाटकासारखा, सलग. त्या काळी फीत कापून जोडणे खर्चाचे आणि कटकटीचे, म्हणून चूक झाली तरी ती तशीच प्रक्षेपित होई. दगडी थडगे हात लागताच डुले. ऐन गंभीर संवादात नटाच्या नाकावर माशी बसे. फ्रिडसाहेब वाक्य विसरत आणि बाजूच्या पाटीवर ते शोधताना त्यांच्या डोळ्यांत अशी काही व्याकुळता येई, की लोकांना ती शापित जिवाची वेदना वाटे. सगळ्यात गंमत म्हणजे वरून लोंबणाऱ्या ध्वनिक्षेपकाची सावली. ती भिंतीवर आली की घरमालकीणबाई इस्त्री ठेवून म्हणायच्या, 'आले बघा थोरले काका कॉलिन्स!' बंड्या चिडे. 'ममा, गप्प बस ना!' तो नऊ वर्षांचा होता आणि त्याचे वडील जाऊन वर्षच झाले होते. मेलेला माणूस परत येतो, दारात उभा राहून नम्रपणे आत येऊ का म्हणून विचारतो, यात त्याला हसण्यासारखे काही दिसत नव्हते. हे मला तेव्हा कळले नाही. कळले ते फार उशिरा.

२ एप्रिल १९७१ रोजी मालिका संपली. एकूण १२२५ भाग झाले होते. माझी मुलगी तीन महिन्यांची, मांडीवर. शेवटच्या भागात बार्नाबास नव्हताच! अखेरचे काही आठवडे कथानक १८४१ सालच्या कोणत्यातरी समांतर जगात गेले होते आणि फ्रिड तिथे दुसऱ्याच माणसाचे काम करीत होते. एका मुलीच्या मानेवर दोन खुणा दिसतात. आमचा श्वास रोखला जातो. आणि निवेदकाचा आवाज सांगतो, की ती व्हॅम्पायरची नव्हे, जनावराची करणी. झाले! संपले. ज्याच्यासाठी पोरे शाळेतून पळत येत होती त्याला निरोपसुद्धा नाही. बंड्या बराच वेळ बंद पडद्याकडे पाहत बसला होता. पुढच्या वर्षी आम्ही मुंबईला परतलो.

अशा राहिलेल्या वासनेचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. १९८३ पासून या मालिकेच्या चाहत्यांची संमेलने भरू लागली. आपली साहित्य संमेलने भरतात तशी; फरक इतकाच, की तिथे अध्यक्षपदावरून भांडणे ऐकली नाहीत. जुने नट येत, सह्या देत, लोक झगे घालून येत. जुने भाग पुन्हा दाखवले गेले, मग कॅसेटवर आले, मग तबकड्यांवर. १९९१ साली कर्टिसनेच बेन क्रॉसला बार्नाबास करून रात्रीची नवी, गंभीर मालिका काढली. नेमके आखाती युद्ध सुरू झाले, बातम्यांमुळे वेळा विस्कटल्या आणि ती बारा भागांत आटोपली. २००४ साली आणखी एक प्रयत्न नमुन्याच्या भागापुढे गेला नाही. २००६ साली कर्टिस वारले. बंड्या दर नाताळला मला पत्र पाठवी आणि त्यात या सगळ्याचा अहवाल असे. चाळीस वर्षे ही माणसे वाट पाहत होती, हे ध्यानात घ्या.

म्हणून टिम बर्टन हा दिग्दर्शक आणि जॉनी डेप हा नट मिळून मोठा चित्रपट काढणार अशी बातमी आली, तेव्हा बंड्याच्या पत्रात उद्गारचिन्हेच उद्गारचिन्हे होती. बर्टनचा जन्म १९५८ चा, डेपचा १९६३ चा. म्हणजे तीही शाळेतून पळत घरी येणाऱ्या पोरांपैकीच. डेपला तर लहानपणी बार्नाबासच व्हायचे होते. वाड्याच्या मालकिणीचे काम केलेल्या मिशेल फायफरने मालिकेच्या प्रेमापोटी बर्टनला आपणहून फोन करून भूमिका मागितली होती. देवळाचा जीर्णोद्धार घरच्याच माणसांच्या हाती गेला म्हणा ना!

आणि मग १९१२ नव्हे, २०१२ च्या मार्चमध्ये (हे पाहा, भुतांच्या नादात माझीही शतके चुकू लागली) चित्रपटाची जाहिरातफीत झळकली. तीत बार्नाबास १९७२ सालात जागा होतो आणि पुढे हशाच हशा. चाहत्यांच्या गोटात जो हलकल्लोळ झाला तो बंड्याने मला फोनवरून ऐकवला. कोणी म्हणाले हे विडंबन आहे, कोणी म्हणाले ही जाहिरात फसवी असेल, आत चित्रपट गंभीरच असणार. कोणी म्हणाले, आपण पाहायलाच जायचे नाही. पण बंड्याची धाकटी बहीण, जी १९६९ साली पाळण्यात होती आणि जिने मालिका पुढे पुनःप्रक्षेपणात पाहिली, ती म्हणाली, 'भिंती हलायच्या तेव्हा आपण हसतच होतो. मग आता हे पावित्र्य कुठून आलं?' भावाबहिणीत पंधरा दिवस अबोला.

त्यातच एप्रिलच्या मध्यावर जोनाथन फ्रिड वारले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. चित्रपट लागायला महिनाही उरला नव्हता. मी तेव्हा मुलीकडे न्यू जर्सीतच होते. बंड्याचा फोन आला. तो बोलला थोडे, आणि मीही थोडेच. ते गेले त्या दिवसापासून हसण्याचा प्रश्न अधिकच अवघड झाला, एवढे खरे.

११ मे रोजी चित्रपट लागला आणि त्या शनिवारी मी, माझा पंधरा वर्षांचा नातू आणि बावन्न वर्षांचा बंड्या असे तिघे गेलो. बंड्याच्या बोटात काळ्या खड्याची अंगठी होती. नातू पहिल्यापासून खूश. एकशे शहाण्णव वर्षांनी उठलेल्या बार्नाबासला हॅम्बर्गरच्या दुकानाचे पेटलेले पिवळे अक्षर सैतानाचे आद्याक्षर वाटते. टेलिव्हिजनवर गाणारी बाई पाहून तो इवल्याशा गायिकेला शोधायला त्या पेटीची पाठच उचकटतो. मीही हसले. खोटे कशाला बोलू? पदर तोंडात धरून हसले. डाव्या बाजूला नातू हसतो आहे, उजव्या बाजूला बंड्या मूर्तीसारखा बसला आहे आणि मध्ये मी, अशी ती स्थिती होती.

मग वाड्यातल्या मेजवानीचा प्रसंग आला. पाहुणे दारातून आत येताहेत, डेप त्यांचे स्वागत करतो आहे, आणि त्या पाहुण्यांत चार म्हातारे चेहरे. जोनाथन फ्रिड, डेव्हिड सेल्बी, लारा पार्कर, कॅथरिन ली स्कॉट. जुना बार्नाबास नव्या बार्नाबासच्या दारात! काही क्षणच. नातवाला काही कळले नाही. त्याच्या लेखी ते चार पाहुणे. बंड्याने माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली. पुढे डॉक्टर ज्युलिया हॉफमनला बार्नाबास ठार करून समुद्रात टाकतो, तेव्हा मात्र तो उठून बाहेर गेला. मूळ मालिकेत ग्रेसन हॉलने केलेली ही ज्युलिया म्हणजे भुताची एकमेव सखी. त्याच्यावर मूक प्रेम करणारी, त्याची गुपिते सांभाळणारी. चाहत्यांना ती घरच्या आत्यासारखी. चित्रपटातली ज्युलिया स्वतः चिरतरुण होण्यासाठी त्याचे रक्त चोरते आणि त्याची शिक्षा भोगते. व्हॅम्पायरची थट्टा सोसली, पण ज्युलियाला चोर ठरवले ते सोसवेना, असे म्हणणारे पुढेही पुष्कळ भेटले.

बाहेर पिझ्झाच्या टेबलावर नातवाने सरळ विचारले, 'पण विनोदी असलं म्हणून काय बिघडलं?'

बंड्याने रागावून नव्हे, मास्तरासारखे समजावून सांगितले. मूळ बार्नाबास नव्या जगाला कधीच भांबावला नाही. तो एका रात्रीत सगळे शिकला आणि इंग्लंडहून आलेला चुलतभाऊ म्हणून चारचौघांत वावरला, कारण ओळख पटली तर मरण हे त्याला ठाऊक होते. त्याची सगळी मजा त्या लपण्यात, त्या अदबीत. 'इथे तो पहिल्याच संध्याकाळी घरातल्या बाईला सांगून टाकतो, की मी कोण आहे. मग उरलं काय?'

माझे स्वतःचे मत थोडे वेगळे झाले, आणि ते मला आपल्या अत्र्यांमुळे सुचले. 'झेंडूची फुले'त अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची जी रेवडी उडवली, तिला खळखळून हसायचे तर मूळ कविता पाठ असाव्या लागतात. ज्याने त्या वाचल्याच नाहीत त्याला अर्धी गंमत कळत नाही. विडंबन करणाऱ्याने मूळ वस्तू अशी कोळून प्यालेली असते. या चित्रपटात गंमत होती ती १९७२ सालच्या अमेरिकेची. गाणी, दिवे, हिप्पी, पोशाख. पण हलणारे थडगे कुठे होते? नाकावरची माशी? भिंतीवरची सावली? ज्यांना १२२५ भाग पाठ, त्यांच्यासाठी मला तरी त्यात चार पाहुण्यांचे ते काही क्षण सोडून फारसे काही दिसले नाही. हसणाऱ्यांच्या पंगतीत यजमानालाच ताट वाढलेले नाही, असा तो प्रकार. शेवटी वाड्यातल्या मुलीला एकाएकी लांडगी करून टाकली, ते का, हे नातवालाही सांगता आले नाही.

आपल्याकडे २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा आकेरीतला तो वाडा पाहायला लोक लोटले आणि पुढे माधव अभ्यंकरांच्या अण्णा नाईकांच्या दहशतीने आमच्या नणंदबाई रात्री पाणी प्यायला उठेनाशा झाल्या. उद्या कोणी अण्णांना मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर घसरवून पाडले, तर मी हसेन. नणंदबाई हसतील का, ते मात्र विचारून पाहायला हवे.

चित्रपटावर सुमारे १५ कोटी डॉलर खर्च झाले होते. अमेरिकेत तो ८ कोटींपर्यंतच पोहोचला, जगभर धरून २४ कोटींच्या आसपास. पुढचा भाग काही निघाला नाही. एक फायदा झाला असे बंड्याची बहीण म्हणे, आणि तो मला पटतो. चित्रपटाच्या निमित्ताने सगळी जुनी मालिका शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात बाजारात आली. १३१ तबकड्या! एका भागाची फीत हरवली आहे, तेवढी ध्वनिमुद्रण आणि चित्रांवर जुळवून घेतलेली. बंड्याने ते खोके आधीच मागवून ठेवले होते.

त्या जूनमध्ये तो मला त्याच्या आईला भेटवायला घेऊन गेला. घरमालकीणबाई आता वृद्धाश्रमात होत्या. मुलालाही कधी ओळखत, कधी नाही. मला ओळखणे शक्यच नव्हते. मी साडीत होते, त्या साडीचा काठ हातात घेऊन चाचपत राहिल्या. बंड्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला आले होते. त्याने तबकडी लावली. बाजूला बहीण उभी होती. दोघे बोलत होते म्हणजे अबोला मिटला असावा, मी विचारले नाही.

लाटा आल्या, घर आले, संगीत सुरू झाले. बाईंचे डोळे पडद्यावर. चेहऱ्यावर काही नाही. बार्नाबास जोसेटच्या तसबिरीपुढे उभा राहून बोलू लागला, मध्येच अडखळला, बाजूला पाहिले, पुढचे वाक्य सापडले. बंड्या ओठांतल्या ओठांत ते सगळे म्हणत होता, अडखळण्यासकट. आणि मग तसबिरीवर ती लांबट सावली आली, थरथरली, मागे सरकली.

बाईंचा उजवा हात मांडीवर होता. त्यांनी तो इस्त्री उभी करून ठेवावी तसा उचलून बाजूला ठेवला.

'आले बघा थोरले काका,' त्या म्हणाल्या.

बंड्याच इतका मोठ्याने हसला, की नर्स दारात येऊन उभी राहिली.